स्लॅशरचा गिअरबॉक्स, धुऱ्यावरची साडी आणि फुटायचा बोल्ट

जानेवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झालेली कपाशीची वाळकी झाडं, कुटता कुटता आमच्या स्लॅशरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून गवत-पऱ्हाटी कापायच्या यंत्राचा, गिअरबॉक्स गेला आणि त्या दिवसापासून जो भेटेल तो एकच सांगत होता, काढून टाक भाऊ, भंगारात दे, नवीन घे. पानठेल्यावर तेच, दूध डेअरीवर तेच. मी जवळपास तयारही झालो होतो. पण शेवटी दुरुस्तच केलं, आणि ते का केलं, काय काय सापडलं हे नीट लिहून ठेवावं वाटलं, कारण सेकंड हॅन्ड स्लॅशर आपल्याकडे आता बऱ्याच जणांकडे आहेत आणि बिघडलं की नेमकं कुठं पाहायचं हे कोणी सांगत नाही.

आधी ओळख करून देतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. वावर म्हणाल तर अर्धी काळी, अर्धी बरड म्हणजे हलकी गोटाळ, थोडा संत्रा, बाकी कपाशी-तूर. स्लॅशर ५ फुटी, चार वर्षांपूर्वी वर्धा नदीच्या पलीकडच्या एका कास्तकाराकडून जुनंच घेतलं, आमच्या ४२ एचपीच्या ट्रॅक्टरला बरोबर बसतं. पऱ्हाटी कुटणं हे मोठं काम, बाकी पावसाळ्यात संत्र्याच्या बगीच्यातलं गवत, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं गाजरगवत, पांदण रस्त्यावरची रायमुनिया आणि बेशरम. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, रोटाव्हेटर वेगळं आणि हे वेगळं. रोटाव्हेटर मातीत चालतं, हे मातीच्या वर चालतं. जाड पत्र्याचा पाट उलटा टाकल्यासारखी बॉडी, मधोमध गिअरबॉक्स, त्याच्या खाली तवा आणि तव्याला दोन बाजूला दोन ब्लेड बोल्टावर झुलते ठेवलेले, म्हणजे गोटा लागला की ब्लेड मागे सरकते. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरतो आणि गिअरबॉक्स तो वेग वाढवून खाली देतो. मी एकदा हिशोब केला होता, ब्लेड मिनिटाला ८०० फेरे मारत असतील तर ५ फुटी स्लॅशरच्या ब्लेडचं टोक ताशी जवळपास २३० किलोमीटरने फिरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं की दिवाळीपासूनच शेडमध्ये स्लॅशर ठेवलं की खाली तेलाचे डाग पडायचे. मी म्हटलं असू दे, जुनी मशीन आहे, आठवड्याला थोडं ९० नंबरचं गिअर ऑइल टाकत राहिलो. हे मी चुकलो. तेल गळतं याचा अर्थ कुठंतरी काहीतरी सुरू झालं आहे आणि वरून तेल टाकून ते थांबत नाही, पण हंगामात माणूस उद्यावर ढकलतो, तसंच झालं. मग जानेवारीत तिसऱ्या एकरात असताना आधी घरघर वाढली, सीटवर बसल्या बसल्या पायाला कंप जाणवायला लागला आणि मी क्लच दाबेपर्यंत खालून असा आवाज आला की बाजूच्या वावरात तुरी बांधणाऱ्या बाया उभ्या राहून पाहायला लागल्या. पीटीओ बंद केला, ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरलो. गिअरबॉक्स हात लावू देत नव्हता इतका तापला होता.

आता थांबून बसायला वेळ नव्हता, आणि कपाशीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, बोंड फोडलं की आत अळी, आणि कापूस कवडी. तेव्हापासून केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून तर कृषी सहायकापर्यंत सगळे सांगतात की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन लांबवलेलं कपाशीचं पीक, घेऊ नका, डिसेंबरपर्यंत कपाशी संपवा आणि पऱ्हाटी उभी ठेवू नका, कारण न फुटलेल्या वाळक्या बोंडात अळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामाला तिथूनच निघते. आमचे आजोबा चिमट्याने पऱ्हाटी उपटायचे, ती चुलीला जायची, कुडाला जायची, काहीच वाया नव्हतं. आता चुलीही कमी झाल्या आणि उपटायला माणसंही मिळत नाहीत, म्हणून लोक पेटवतात. मला पेटवणं पटत नाही. जमिनीत जायची वस्तू धूर होऊन जाते. कुटून वावरात पसरली, वरून वखर-रोटाव्हेटर फिरलं की मातीत मिसळते, आमच्या बरड पट्ट्यात तीन वर्षांत फरक दिसतो आहे, पाऊस पडला की पाणी आधीसारखं सुसाट वाहून जात नाही. म्हणून माझ्यासाठी हे स्लॅशर म्हणजे नुसतं गवत कापायचं यंत्र नाही.

तालुक्याच्या वर्कशॉपला नेलं तर त्यांनी खाली वाकूनही पाहिलं नाही. गिअरबॉक्स पूर्ण बदला, नाहीतर नवीन स्लॅशरच घ्या. नवीनचा भाव मला एका दुकानात ५८ हजार सांगितला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तेवढा दिलासा, पण ५८ हजार म्हणजे ५८ हजार. अनुदानाचं म्हणाल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, निवड होऊ द्या, पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही, हे सगळं ठीक आहे आणि ज्यांना सवड आहे त्यांनी जरूर करावं, पण माझी सात एकर पऱ्हाटी उभी होती.

मग आमच्या गावच्या चाचाला बोलावलं. चाचा म्हणजे जुने मिस्त्री, थ्रेशर, इंजिन, पंप सगळं करून आता घरी बसले आहेत, डोळ्यानं कमी दिसतं पण हातानं दिसतं असं म्हणायला हरकत नाही. मला वाटलं आल्याबरोबर गिअरबॉक्स खोलायला सांगतील. नाही. त्यांनी आधी हातोडी मागितली आणि बॉडीचा पत्रा ठोकत ठोकत पूर्ण चक्कर मारली. ठण ठण ठण, एका कोपऱ्यात भद्द. तिथं पत्रा गंजून पातळ झाला होता. मग गिअरबॉक्स जिथं बसतो त्या पट्ट्यांवर बोट फिरवलं, वेल्डिंगच्या कडेला चीर आहे का ते नखानं पाहिलं. मग ट्रॅक्टरला जोडायच्या थ्री पॉइंटच्या पिना, मग तव्याला ब्लेडचे बोल्ट बसतात ती भोकं. भोक गोल आहे की लांबट झालं आहे हे ते करंगळी घालून पाहत होते. हे सगळं झाल्यावर म्हणाले,

"बापू, पत्रा जित्ता हाय. गिअरबॉक्स काय, थो तं भरता येते. पत्रा मेला असता तं मी तुले म्हनलं असतं, जाऊ दे."

ही गोष्ट मला पूर्ण नवीन होती. आपण सगळे गिअरबॉक्सला घाबरतो, पण गिअरबॉक्समध्ये आहे काय, एक क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चक्र, एक पिनियन म्हणजे लहान, चार बेअरिंग, दोन-तीन ऑइल सील. सगळं नंबरवर मिळतं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये असतात, तेवढं कागदावर लिहून नेलं की दुकानदार आणून देतो. पण बॉडी सगळीकडून गंजली, गिअरबॉक्सच्या पायथ्याशी चिरा गेल्या, भोकं लांबट झाली, तर तिला वेल्डिंग करत करत माणूस थकतो आणि ती पुन्हा बाजूला फाटते. माझ्या चुलतभावाच्या स्लॅशरच्या गिअरबॉक्सचं बिडाचं कवच फुटलं होतं, त्याने दोनदा बीड वेल्ड करून आणलं आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत त्याच जागी उललं. त्याने शेवटी नवीन घेतलं आणि बरोबरच केलं. माझं कवच साबूत होतं.

मग खोललं. आधी स्लॅशर उचलून चारही बाजूला लाकडी ठोकळे लावले, चाचांनी त्याशिवाय खाली हातच घातला नाही. हायड्रोलिकवर उचललेल्या अवजाराखाली कधीच जायचं नाही, मग ट्रॅक्टर नवीन असो की जुना, एक पाइप फुटला किंवा पोरानं लिव्हरला हात लावला की संपलं. ब्लेड काढले, तव्याचा मोठा नट काढायला पान्ह्याला चार फुटाचा पाइप लावून आम्ही दोघं भाऊ लटकलो तेव्हा सुटला, तवा पुलरने ओढला. हातोडीनं ठोकून काढू दिला नाही, त्याचा मार सरळ बेअरिंगला बसतो म्हणे.

आणि तवा खाली आला तेव्हा शाफ्टवर काय दिसलं तर हिरवं काहीतरी घट्ट गुंडाळलेलं, वरून काळं, वितळून कडक झालेलं, प्लास्टिकच्या बांगडीसारखं. चाकूनं कापून काढायला अर्धा तास गेला. आत आत जसं गेलो तसं कापड दिसायला लागलं, सोनेरी काठ दिसला. साडी. आमच्याकडे रानडुकरांसाठी धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतात, सगळ्याच गावात बांधतात, लांबून पाहिलं तर वावराला लुगडं नेसवल्यासारखं दिसतं. कधीतरी वाऱ्यानं सुटून पऱ्हाटीत गेली असेल आणि स्लॅशरने ओढून घेतली. आई चहा घेऊन आली होती, तिनं तो काठाचा तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाली, "हे तं माही पोयाले नेसाची साडी होय." आणि तो तुकडा तिनं पदरानं पुसून तिथंच पायरीवर ठेवला.

तेल का गळत होतं ते इथं कळलं. फिरत्या शाफ्टवर कापड, दोरी, तार, ठिबकची नळी काहीही गुंडाळलं गेलं की ते वर वर सरकत सीलमध्ये घुसतं, सीलचं रबराचं ओठ कापतं आणि तेल सुटतं. म्हणजे मी दोन महिने वरून तेल टाकत होतो आणि खाली साडी सील खात होती. तव्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे ते उभ्यानं दिसत नाही, ठोकळे लावून खाली वाकावंच लागतं. आता मी दर दोन-तीन दिवसांनी टॉर्च घेऊन पाहतो. अजून एक, तेल गळायला लागलं की सील गेलं म्हणून लगेच खोलू नका, गिअरबॉक्सच्या वरचा ब्रीदरचा छोटा बोल्ट पाहा. त्याचं छिद्र धुळीनं बुजलं की आत गरम हवेचा दाब तयार होतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलल्या जाते. माझा ब्रीदरही बुजलेला होता, तो तारेनं मोकळा केला.

आता गिअरचे दात. पिनियनचे दोन दात मुळातून गेलेले, क्राऊनचे कोपरे उडालेले, तेलात लोखंडाचा चुरा, बोटावर घेतलं की चमकत होता. चाचांनी ते पाहिलं आणि काही न बोलता पीटीओ शाफ्टकडे गेले. जिथं शाफ्ट गिअरबॉक्सला जोडतो तिथला बोल्ट फिरवून त्याचं डोकं अंगठ्यानं पुसलं आणि मला विचारलं, "हा कोनं टाकला?"

मीच टाकला होता. तो बोल्ट शिअर बोल्ट असतो, मुद्दाम मऊ लोखंडाचा, गोटा किंवा खुंट लागून ब्लेड अडकलं की तो कापला जातो, शाफ्ट मोकळा फिरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या बरडात तो दिवसातून दोनदा फुटायचा, दर वेळी उतरा, तुकडा ठोकून काढा, नवीन टाका, मला त्याचा कंटाळा आला आणि नोव्हेंबरमध्ये मी हार्डवेअरमधून १०.९ चा हाय टेन्साइल बोल्ट आणून टाकला. डोक्यावर कोरलेला हा आकडा बोल्टाची ताकद सांगतो, ४.६ म्हणजे मऊ, ८.८ चांगला कडक, १०.९ त्याच्याही वर. त्यानंतर बोल्ट एकदाही फुटला नाही. मी खूश होतो.

चाचा म्हणाले, "थो बोल्ट फुटासाठीच असते बापू. थो नाही फुटला मंग दुसरं कोनी तं फुटनच."

तेल कमी, गिअर कोरडे, आणि वर हा कडक बोल्ट. पंधरा रुपयांचा बोल्ट फुटायचा होता त्याच्या जागी क्राऊन-पिनियन फुटलं. मला हे मनापासून लागलं, कारण मशीनने तिचं काम नीट केलं होतं, दिवसातून दोनदा ती सांगत होती की मला खूप जवळून चालवतो आहेस, उंच घे, हळू घे, आणि मी तिचं तोंड बंद केलं.

सामान अमरावतीहून आणलं. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचं, एक जुना एक नवीन लावला तर नवीन जुन्याला खातो, दुकानदार एकच द्यायला तयार असला तरी घेऊ नका. बेअरिंग चारही बदलले. बसवताना चाचांनी पिनियनच्या दाताला निळा रंग लावून फिरवलं आणि क्राऊनवर ठसा कुठं उमटतो ते मला पाहायला लावलं, दाताच्या मधोमध आला पाहिजे, टोकाला आला तर शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, कमी-जास्त करा. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. तिसऱ्यांदा ठसा मधोमध आला तेव्हा हातानं फिरवल्यावर जो आवाज आला, नुसता तेलातला सळसळ आवाज, तो मला अजून आठवतो.

सीलचं एक बारीक काम सांगायचं राहिलं. जुन्या शाफ्टवर सीलचा ओठ जिथं घासतो तिथं बारीक खाच पडलेली असते, दिसत नाही, नखाला लागते. त्याच जागी नवीन सील बसवलं की ते आठ दिवसांत गळतं आणि आपण म्हणतो सामान डुप्लिकेट. चाचांनी सील जुन्या जागेपेक्षा २-३ मिलिमीटर आत बसवलं, कवचात तेवढी जागा होती, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. आज दोन महिने झाले, शेडमधली फरशी कोरडी आहे.

तेल लेव्हलच्या बोल्टापर्यंतच भरलं, गळ्यापर्यंत भरलं तर फेस होऊन तेच वरून बाहेर येतं. पीटीओ शाफ्टचे क्रॉस ग्रीस केले, दोन्ही टोकाचे काटे एका रेषेत आहेत का पाहिलं, ते आडवे-तिडवे जोडले की मशीन थरथरते. ब्लेड दोन्ही नवीन, सारख्या वजनाचे, एकच बदलून चालत नाही. पातळ कोपऱ्याला आतून पट्टी वेल्ड केली. सगळं मिळून खर्च ११,४०० आला, चाचांची मजुरी धरून, आणि मजुरी ते सांगत नव्हते, मीच दिली.

आणि खालचे गोटे बाहेर उडू नयेत म्हणून समोर लोंबत्या साखळ्या असतात, त्या लावल्या. जुन्या मालकाने त्या काढून टाकल्या होत्या आणि चार वर्षं मी तसंच चालवलं. वर ताशी २३० किलोमीटरचा आकडा दिला तो यासाठी. गेल्या वर्षी एक गोटा निघून विहिरीवरच्या मोटरच्या पेटीला लागला, लोखंडी पेटीला खड्डा पडला. तिथं त्या दिवशी कोणी नव्हतं, पण माझा पुतण्या रोज तिथंच खेळतो. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. साखळ्या हजार-बाराशेचं काम आहे, कृपा करून लावा, आणि स्लॅशर सुरू असताना वावरात कोणालाही उभं राहू देऊ नका, धुऱ्यावरसुद्धा नाही.

राहिलेली पऱ्हाटी कुटायला निघालो त्या दिवशी सकाळी पाहतो तर आई आधीच वावरात. तिनं आणि वहिनीनं आतल्या बाजूला लोंबकळणाऱ्या सगळ्या साड्या सोडून, झटकून, गठ्ठा बांधून ठेवल्या होत्या. या वेळी मशीन चार बोटं उंच ठेवली, पहिल्या लो गिअरवर चालवली. टूलबॉक्समध्ये मऊ बोल्ट दोन डझन. तिसऱ्या दिवशी बरडात शिरलो आणि मधल्या तासाला, म्हणजे ओळीत, खटकन आवाज आला, शाफ्ट मोकळा फिरायला लागला. पीटीओ बंद केला, ट्रॅक्टर बंद केला, ब्लेड थांबायची वाट पाहिली आणि खाली उतरलो. तव्याजवळ डोक्याएवढा गोटा होता. तो उचलून धुऱ्यावर टाकला, बोल्टाचे दोन तुकडे काढले, नवीन टाकला, दहा मिनिटं लागली, आणि पुन्हा तासाला लागलो.